जेवल्याशिवाय विचारायचं नाही

गाडी दारात येऊन थांबली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलेलं होतं. त्यामुळे ती बघायलासुद्धा प्रत्येकजण वेगळ्या जागी गेला. थोरला कल्याण स्लॅबवर चढला. त्याची बायको शालू स्वयंपाकघराच्या खिडकीला लागली. धाकटा हरिओम अर्धी दाढी तशीच ठेवून न्हाणीच्या दारातून डोकावला. दोघा भावांची आई नंदाबाई गोठ्यातून बघू लागल्या. कडूबा आबा ओसरीवरच्या बाजेवर होते तिथंच राहिले, कारण गाडी त्यांच्या समोरच येऊन थांबली होती.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पण भांडण व्हायला कोणीतरी काहीतरी बोलावं लागतं. मंगळवारी धाकट्या सुनेला, साधनाला, जालन्याच्या एमआयडीसीतल्या बियाण्याच्या एका कंपनीतून फोन आला. बियाणं उगवतं की नाही ते तपासायची नोकरी. सोमवारी सकाळी हजर व्हायचं. हरिओम त्याच एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात होता, खोली करून राहायचा आणि सुट्टीला गावी यायचा. म्हणजे सगळं जमून आलं होतं. फक्त आबांनी हो म्हणायचं राहिलं होतं. आबा हो म्हणाले नव्हते. नाहीही म्हणाले नव्हते. 'बघू' असंसुद्धा म्हणाले नव्हते, आणि त्याचाच सगळ्यांनी धसका घेतला होता.

आता हे आबांना कळवलं कसं, तर या घराच्या रीतीप्रमाणे. साधनानं हरिओमला सांगितलं, हरिओमनं फोनवर आईला सांगितलं, आणि नंदाबाईंनी आबा ओसरीवर आहेत असं बघून शेळीला पाला टाकता टाकता शेळीला सांगितलं, "साधना जालन्याला जाती म्हंती. नोकरी लागली म्हंती तिला." शेळीनं पाला खाल्ला. आबा 'हूं' म्हणाले. झालं. विषय आबांच्या कानावर घातला गेला. त्यानंतर सगळं घर त्या 'हूं'चा अर्थ लावत बसलं होतं आणि आज रविवार उजाडला होता.

साधनानं शेवटी राजूरला मामाला फोन केला होता. मामाचं गणपतीच्या देवळापाशी नारळाचं दुकान, त्यामुळे जिभेला वळण चांगलं. मामा म्हणाला, "घाबरू नको. मी येतो. मी न्हाई आलो तर माझी माणसं पाठवतो. आबांना असे पटवतील की आबाच तुझी बॅग उचलतील."

म्हणून गाडीतून पांढरा कडक शर्ट घातलेला एक माणूस आणि नवीन साडीतली त्याची बायको उतरली, तेव्हा साधनाचा जीव भांड्यात पडला. मामाची माणसं.

"रामराम आबा," तो माणूस कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "जरा पाणी मिळंल का? गाडी लय तापली वो आमची."

"गाडीच्या आधी माणसं तापली असतील," आबा म्हणाले. "बसा."

"न्हाई, आमी बसत न्हाई. बादलीभर पाणी दिलं की लगेच..."

"गाडी काय पळून जाती का? निवू द्या तिला. बसा म्हंतो ना."

तो बसला. आबांनी 'बसा म्हंतो ना' म्हटल्यावर एकदा तलाठीसुद्धा बसला होता.

साधनानं तांब्या आणून दिला आणि पदर सावरायचं निमित्त करून हळूच विचारलं, "मामा बरे हायेत ना?"

पाहुण्यानं जरा दचकून तिच्याकडं पाहिलं. पण मामा कुणाला नसतो? "बरे हायेत," तो म्हणाला. "गुडघे दुखतात तेवढे."

साधनाच्या मामाचेही गुडघे दुखत होते. तिची खात्रीच पटली.

*

बाहेरच्या माणसाला हे सगळं विचित्र वाटेल. सरळ विचारायचं की, बाबा, तू कोण. पण या घरात पाहुण्याला जेवल्याशिवाय ओळख विचारत नाहीत. आबांच्या वडिलांनी एकदा विचारली होती. दारातला माणूस त्यांचा सख्खा व्याही निघाला. त्यानं तांब्याला हात न लावता बैलगाडी माघारी फिरवली, आणि आबांच्या थोरल्या बहिणीला 'तुझ्या बापाला माणसं ओळखू येत न्हाईत' हे वाक्य म्हातारी होईपर्यंत ऐकावं लागलं. तेव्हापासून आधी पाणी, मग चहा, मग जेवण, आणि हात धुतल्यावर ओळख. मागे एकदा वीज तोडायला आलेला माणूस या नियमात सापडला होता. तो पोटभर जेवला, ढेकर दिली, खांबावर चढून वीज तोडली आणि जाताना बडीशेप घेऊन गेला. कोणाचंच कोणाबद्दल वाईट मत झालं नाही.

त्यामुळे ज्याला जे वाटलं ते त्यानं मनात ठेवलं. आबांना वाटलं, नंदाबाईच्या माहेरचे असतील, तिकडचे सगळे असेच घाईत असतात. शालूला वाटलं, आबांकडचे असतील, कारण आल्या आल्या बसले. आणि स्लॅबवरून खाली उतरेपर्यंत कल्याणनं ठरवून टाकलं, मोसंबीचे व्यापारी.

कल्याण तीन दिवसांपासून व्यापाऱ्याची वाट बघत होता. त्याच्या मनातलं गणित वेगळंच होतं. आबा वर्षातून एकदाच हो म्हणतात असा त्याचा आयुष्यभराचा अनुभव होता. गेल्या वर्षीचा हो फ्रीजमध्ये गेला. त्याच्या आदल्या वर्षीचा स्लॅबमध्ये. यंदाचा हो त्यानं बागेत ट्रॅक्टरवरनं फवारा मारायच्या यंत्रासाठी मनातल्या मनात राखून ठेवला होता. आता तो साधनाच्या नोकरीत गेला तर पुढच्या वर्षापर्यंत पाठीवरचा पंप. भावजयीशी, भावाशी त्याचं काही वाकडं नव्हतं. हो एकच होता, एवढंच.

चहा संपायच्या आत त्यानं पाहुण्याला उठवलं. "चला, बाग दाखवतो."

"बाग?" पाहुणा म्हणाला. त्यानं आबांकडं पाहिलं.

"जाऊन या," आबा म्हणाले. "स्वैपाक होईस्तोर पाय मोकळे होतील."

"स्वैपाक?" पाहुणा म्हणाला.

उन्हात दोघं बागेत फिरले. झाडांवर लिंबाएवढी फळं धरली होती. कल्याण प्रत्येक झाडापाशी थांबून बोलत होता आणि पाहुणा प्रत्येक झाडाला मान हलवत होता. व्यापारी म्हणून भारीच मुरलेला दिसत होता. एका शब्दानं फळाची तारीफ नाही, नाव ठेवणं नाही. विहिरीपाशी मात्र त्याचे डोळे चमकले.

"पाणी हाये की हिरीला."

"बारा महिने."

"एखादी बादली असंल का हितं?"

"बादली काहून?" कल्याण अभिमानानं म्हणाला. "सगळं ठिबकवर हाये."

पाहुण्यानं काळ्या नळ्यांकडं पाहिलं. झाडाच्या बुडाशी एकेक थेंब पडत होता. तो बराच वेळ एका थेंबाकडं बघत उभा राहिला. कल्याणला वाटलं, काय बारकाईनं माल बघतो हा माणूस.

"पाव्हणे, खरं सांगा," त्यानं शेवटी विचारलं. "कशी वाटली?"

"बाग चांगलीच हाये," पाहुणा म्हणाला. "पन आमाला जायचं होतं."

हा भाव पाडायचा जुना प्रकार कल्याणला माहीत होता. तो मनात म्हणाला, जा बरं कसा जातोस ते. आणि त्याला पलीकडच्या वाफ्यातली नवी रोपं दाखवायला घेऊन गेला.

*

इकडं पाहुण्याची बायको स्वयंपाकघरात आली होती. नंदाबाईंनी तिला पाट दिला, हळदीकुंकू लावलं आणि नाव न विचारता 'बाई' म्हणायला सुरुवात केली.

"बाई, लय उन्हात निघालात."

"काय करावं आत्याबाई, मुहूर्तच असा," ती म्हणाली. ती बोलकी होती, आणि जी आपणहून सांगते तिला विचारावं लागत नाही. "मी मीना. आमचं मंठ्यात चष्म्याचं दुकान हाये. माहेराला चाललो, शहागडाकडं. धोंड्याचा महिना ना, आईनं यांना धोंडे खायला बोलावलंय. अन् फाट्यावर आलो तर गाडीतून ही वाफ. तरी मी म्हनलं होतं, निघताना पाणी बघा. पन राधेश्यामराव दुसऱ्याच्या डोळ्याचा नंबर काढत्यात, स्वतःच्या गाडीचा काटा बघत न्हाईत."

शालू भाजी परतत होती, तिचं लक्ष तेलाकडं होतं. साधना बाहेर चहाची भांडी गोळा करत होती. ऐकलं ते फक्त नंदाबाईंनी.

त्यांना कळलं. हे कोणाचेच कोणी नव्हते. आबांकडचे नाहीत, माहेरचे नाहीत, व्यापारी नाहीत. बादलीभर पाणी द्यायचं, आणि जाऊ द्यायचं.

नंदाबाई परातीत हात घालून तशाच बसून राहिल्या.

अधिक महिना तीन वर्षांनी येतो आणि लोक जावयाला नारायण म्हणून पाटावर बसवतात. पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, टॉवेल, टोपी, दिवा. नंदाबाईंना दोन लेक. लेकी नाहीत. धोंडे मात्र त्यांच्या हातासारखे गावात कोणाला जमत नव्हते, म्हणून दर अधिकात शेजारणी त्यांना बोलावून न्यायच्या. आजवर त्यांनी अर्ध्या गल्लीच्या जावयांसाठी धोंडे केले होते. ते जावई दुसऱ्यांच्या ओसरीवर बसून खायचे आणि नंदाबाई मागच्या दारानं घरी यायच्या. कोणी वाईट वागलं नव्हतं. डबा भरून द्यायचे लोक.

आणि आज एक आख्खा जावई, कडक शर्ट घालून, धोंडे खायच्याच वाटेवर असलेला, आपणहून दारात येऊन बसला होता.

"शालू," नंदाबाई म्हणाल्या, "डाळ टाक कुकरला. हरभऱ्याची."

"आता? वरणाला तूर टाकली ना आत्याबाई."

"पुरणाला म्हंते."

शालूनं वळून बघितलं. एवढे मोठे कोण पाहुणे आहेत हे तिला विचारायचं होतं. पण अजून कोणी जेवलेलं नव्हतं.

मीना घाबरून म्हणाली, "आत्याबाई, अहो धोंडे आई करून राह्यलीच हाये तिकडं. यांनी पोट रिकामं ठेवलंय सकाळपासून."

"मंग तर बरंच झालं," नंदाबाई म्हणाल्या आणि कणीक तिंबायला लागल्या.

*

हरिओम दाढी पूर्ण करून, इस्त्रीचा शर्ट घालून पंगतीला आला. त्याच्या डोक्यात तिसरंच होतं. कारखान्यात त्याला कोणीतरी सांगितलं होतं की चांगल्या कंपन्या नोकरी देण्याआधी माणसं पाठवून घर कसं आहे ते बघतात. आधी न सांगता येतात, साधं बोलतात आणि सगळं टिपून घेतात. दारातली गाडी बघताच त्याच्या लक्षात आलं. म्हणून ताटावर बसल्या बसल्या तो पुस्तकातल्यासारखा बोलायला लागला.

"आमच्या घरातील वातावरण अत्यंत शिस्तीचे आहे," तो राधेश्यामला म्हणाला.

आबांनी लेकाकडं निरखून पाहिलं. "तुला ऊन लागलं का रे?"

"माझ्या पत्नीस वेळेचे भान आहे. तिला बियाण्यांची आवड लहानपणापासूनच आहे."

"कोनाला असती लहानपणी बियान्याची आवड?" कल्याण म्हणाला. "पाव्हणे, तुमी हिकडं लक्ष द्या. आपली मोसंबी..."

"दादा, हा विषय या ठिकाणी नको."

"मंग कुठल्या ठिकाणी? मी त्यांना आख्खी बाग फिरवून आणलंय."

राधेश्याम दोघांच्या मधे बसला होता. तो डावीकडं बघून मान हलवायचा, उजवीकडं बघून मान हलवायचा, आणि मधल्या वेळात नंदाबाई त्याच्या ताटात काहीतरी वाढायच्या. येसराची आमटी, भजी, कुरडई. मग ते आले. मुठीएवढे, वाफाळलेले, पुरणानं फुगलेले धोंडे. नंदाबाईंनी त्याच्या ताटात चार ठेवले आणि ते दिसेनासे होईपर्यंत तूप ओतलं.

"आत्याबाई, मला पुढं जेवायचंय वो," राधेश्याम कळवळून म्हणाला.

"पुढचं पुढं. हे आपल्या हातचं हाये."

आबांनी बायकोकडं बघितलं. धोंडे! म्हणजे हिच्या माहेरचा कोणीतरी जावई लागतो. ते सावरून बसले. "खा जावईबापू," ते म्हणाले. "लाजू नका. ताटात टाकायची पद्धत न्हाई आपल्याकडं."

राधेश्यामनं पहिला धोंडा फोडला. दुसरा फोडला. तिसऱ्याला त्यानं शर्टाचं खालचं बटण सोडलं. त्याच्या चेहऱ्यावर सासुरवाडीची भीती आणि तोंडातलं पुरण यांचं काहीतरी चाललं होतं, आणि पुरण जिंकत होतं. "आत्याबाई," तो अखेर म्हणाला, "सासूबाईंना कळू देऊ नका, पन असे न्हाई खाल्ले कधी."

नंदाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आणखी तूप आणायला गेल्या. तुपाचं भांडं त्यांच्या हातातच होतं.

दाराआडून साधना मघापासून खुणा करत होती. आता बोला. आता बोला ना. राधेश्यामला एवढंच दिसत होतं की या घरातली धाकटी सून त्याच्याकडं डोळे वटारून बघते आहे. चष्म्याचा धंदा, त्यामुळे त्याला वाटलं, नंबर असेल. बिचारीनं तपासून घेतला नसेल.

*

मागच्या दारी, पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन साधनानं मामाला फोन लावला.

"मामा, तुमची माणसं काहीच बोलून राह्यली न्हाईत. नुसतं खाऊन राह्यलेत."

"माझी कोनची माणसं?" मामाच्या मागं ताटांचा आवाज येत होता. "अगं, मी सासुरवाडीत हाये. धोंड्याला. एवढे वाढलेत की उठता येईना. माणसांना सांगायचं राहूनच गेलं बघ. उद्या येतो मी. बिलकुल येतो."

"उद्या सोमवार हाये, मामा."

"हो का? मंग मंगळवारी येतो."

साधनानं फोन खाली घेतला. मागं शालू उभी होती. खरकटी भांडी तिच्या हातात होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. दोघी जावा पाच दिवसांत एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या होत्या, कारण कल्याणनं शालूला सांगून ठेवलं होतं की यंदाचा हो आपल्याला पाहिजे.

"मंग हे कोन?" शालू म्हणाली.

"मला काय माहीत ताई? मला वाटलं मामाचे हायेत."

"अन् मला वाटलं आबांचे. आमच्या यांना वाटतंय व्यापारी." शालूनं भांडी खाली ठेवली. तिला आधी हसू आलं, मग राहावेना, मग ती टाकीला टेकून खाली बसली. साधनाला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं.

"हसा तुमी. उद्या हजर न्हाई झाले तर ते दुसरीला घेतेत. साफ सांगितलंय त्यांनी."

शालू उठून उभी राहिली. मग म्हणाली, "तुझी बॅग भरली का?"

"न्हाई. कशी भरू?"

"मी भरलीय कालच. माझ्या पेटीमागं ठेवली. ती निळी साडी पहिल्या दिवशी नेस, इस्त्री केलीय."

"ताई! अन् ते फवाऱ्याचं यंत्र?"

"माझ्या पाठीवर असतो का पंप? त्यांच्या पाठीवर असतो," शालू म्हणाली. "त्यांना सवय हाये. तू इचार आबांना."

"मी? सरळ?"

"मंग काय शेळीला पाठवती का परत?"

*

बाहेर राधेश्यामनं हात धुतले. आबांनी धुतले. टॉवेलला पुसले. बडीशेपेची वाटी फिरली. सगळं घर एकेक पाऊल पुढं सरकलं, कारण आता नियम संपला होता.

"हं, पाव्हणे," आबा बाजेवर टेकत म्हणाले. "आता सांगा. कुनाकडचे?"

राधेश्यामनं ढेकर आवरली. "कुनाकडचेच न्हाई वो आबा. मंठ्याचा हाये मी. राधेश्याम. गाडी तापली होती, पाण्यासाठी आल्तो."

कल्याणच्या चेहऱ्यावरून मोसंबीचा व्यापार उतरला. हरिओमच्या चेहऱ्यावरून कंपनी उतरली, आणि तो पंगतीला बसल्यापासून पहिल्यांदा स्वतःच्या भाषेत बोलला, "आरं तिच्या मारी."

"मंग तुमी बागेत बोलले काहून न्हाई?" कल्याण म्हणाला.

"बादली मागितली की! तुमी म्हनले ठिबक हाये."

आबांनी नंदाबाईंकडं पाहिलं. नंदाबाईंनी छताकडं पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"मला कोनी इचारलं?" नंदाबाई म्हणाल्या.

आबा काही बोलणार होते. पण नंदाबाईंच्या हातात पेटीतून काढलेला कोरा टॉवेल आणि टोपी होती, आणि एक पितळी दिवा होता. ती टोपी त्यांनी कधी आणून ठेवली होती हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ती सरळ राधेश्यामच्या डोक्यावर ठेवली. जरा मोठी झाली. आबांनी तोंड मिटलं. मग कल्याणकडं वळून म्हणाले, "बसून काय राह्यला? गाडीत पाणी टाक जावईबापूंच्या." कल्याण उठला आणि बादली शोधायला गेला.

"पन जावईबापू," आबा म्हणाले, "फाट्यावर एवढी टपरी हाये, घरं हायेत. ती सोडून तुमी एवढं आत आमच्याच घरी कसे आलात?"

"टपरीवाल्यानंच पाठवलं की," राधेश्याम टोपी सावरत म्हणाला. "कोन ते, माऊली का काय. तो म्हनला, हापशाला पाणी न्हाई, तुमी कडूबा आबाकडं जा. म्हनलं, कोनतं घर? तो म्हनला, कोनालाबी इचारा, ज्यांची सून जालन्याला बियाण्याची साहेबीण झाली ते घर. आबा रोज सकाळी येऊन सांगत्यात, म्हनला. आता जिल्ह्यातलं एकबी दाणा आमच्या साधनाला इचारल्याशिवाय उगवायचं न्हाई म्हनून."

बादली जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. कल्याण दारातच थांबला होता.

आबा आपल्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांकडं बघत बसले.

"आबा!" हरिओम म्हणाला. "तुमी फाट्यावर सांगितलं? अन् घरात काहूनच न्हाई बोलले?"

"घरात कोनी इचारलं मला?"

"आईनं तुमच्या कानावर घातलं होतं."

"माझ्या न्हाई. शेळीच्या," आबा म्हणाले. ते खरोखर दुखावलेले दिसत होते. "माझी सून नोकरीला जाती, अन् मला ते शेळीकडून कळतंय. पाच दिवस वाट पाहून राह्यलो. म्हनलं, येईल एखादा, इचारील. कोनी येईना. मी काय आपणहून म्हनू का, जा म्हनून? न इचारता 'जा' म्हनलं तर त्याचा अर्थ काय होतो?"

हे बरोबर होतं. याचा अर्थ फार वाईट होतो. मीनानं नवऱ्याला कोपरानं ढोसलं, आपण निघूया का, पण राधेश्यामला आता जाववेना. पोटामुळेही आणि एकंदरीतही.

साधना दारातून पुढं आली. तिच्या हाताला पुरण लागलेलं होतं. लग्न होऊन आल्यापासून आबांसमोर ती कधी अशी मधोमध उभी राहिली नव्हती. ती कडेकडेनं यायची, ठेवायची, जायची. आता ती उभी राहिली तर कडा लांब होत्या.

"आबा," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला म्हणून तिनं परत म्हटलं. "आबा, मला नोकरी लागलीय. उद्यापासून हजर व्हायचंय. जाऊ का मी?"

कल्याण बादली हातात धरून तसाच थांबला. त्याला दिसत होतं, यंदाचा हो ओसरीवरून उडून चालला आहे. त्यानंही घाई केली. "आबा, अन् ते फवाऱ्याचं यंत्र घेऊ का?"

"न्हाई," आबा म्हणाले. एवढ्या चटकन म्हणाले की कल्याणला बरंच वाटलं. निदान कळलं तरी. तो गाडीकडं गेला.

आबा साधनाकडं वळले.

"जेवलीस का तू?"

"न्हाई."

"मंग बस."

"आबा, बायकांची पंगत मागून..."

"हितं बस. जेवल्याशिवाय काय बोलायचं असतं का?"

राधेश्याम ज्या पाटावर बसला होता तोच पाट आबांनी पायानं पुढं सरकवला. साधना बसली. शालूनं ताट आणलं, मीनानं पाणी आणलं. नंदाबाईंनी धोंडे आणले आणि तूप ओतायला लागल्या. साधनाला तूप आवडत नाही हे त्यांना माहीत होतं, तरी त्या ओततच राहिल्या. राधेश्यामला आपल्याऐवजी दुसरं कोणी खातंय याचा एवढा आनंद झाला की तो सगळ्यांत जास्त आग्रह करायला लागला. "घ्या वैनी, आणखी एक घ्या. लाजू नका."

सगळे तिच्याभोवती उभे. निकालाच्या दिवशी टीव्हीसमोर उभे राहतात तसे. साधनानं एक घास खाल्ला. कोणी हललं नाही. दुसरा खाल्ला. तिसरा घास तिनं तोंडात घातला आणि तेवढ्यात आबा बोलले.

"जाशील कशानं?"

हरिओमनं श्वास सोडला. शालूनं वळून भिंतीकडं तोंड केलं. साधनाच्या तोंडात आख्खा पुरणाचा गोळा होता. तिला बोलता येईना. तिनं हातानं थांबा म्हटलं. आबा थांबले. सगळं घर तिच्या गिळण्याची वाट बघत थांबलं, आणि बाहेर गाडीत पाणी पडल्याचा आवाज येत राहिला.

"माझ्या गाडीवर नेतो की मी," हरिओम म्हणाला.

"तुला इचारलं का?" आबा म्हणाले.

साधनानं घास गिळला. डोळे पदराला पुसले. "बसनं जाते आबा. यांच्या गाडीवर गेले तर पहिल्याच दिवशी साडी धुळीनं भरंल."

"बराबर हाये," आबा म्हणाले. त्यांनी बडीशेपेची वाटी ओढली, एक दाणा निवडला, परत ठेवला. "फाट्यापर्यंत मी येतो सोडायला. जरा आधीच निघू. माऊलीकडं बसून निवांत चहा घे अन् मंग बसमधी बस. घाई करायची न्हाई. सकाळी तिथं लय माणसं असतात."